शेकाचे सात आठवडे : पेशंटला घरची काळजी शिकवताना

कॅन्सरवर मशीनमधून किरणं देऊन करायचा उपचार : फाइलवर त्याला ‘रेडिओथेरपी’ लिहिलेलं असतं, डॉक्टर ‘रेडिएशन’ म्हणतात आणि पेशंट म्हणतो ‘शेक’, ‘लाईट’ नाहीतर ‘करंट’. रेडिएशनच्या ओपीडीत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, समाजसेवक, स्वयंसेवक यांनी शिकवायला बसताना पेशंटचाच शब्द धरावा. फक्त कोणी ‘करंट’ म्हणालं तर आधी विचारा, की मशीनवर काय होईल असं वाटतंय? झटका बसणार या धास्तीने रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेली माणसं मी पाहिली आहेत. मशीनखाली काहीही जाणवत नाही, गरमसुद्धा लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

इथे मी तोंड आणि घशाच्या कॅन्सरच्या शेकाबद्दलच लिहिते आहे. तंबाखू, मिश्री, मावा यांच्या कृपेने आपल्याकडे हे पेशंट भरपूर, आणि घरी सगळ्यात जास्त हालही याच शेकात होतात. ऑपरेशन झालेल्याला साधारण ३० शेक, सहा आठवडे. ऑपरेशन न करता फक्त शेकावर उपचार असतील तर ३३ ते ३५, म्हणजे जवळजवळ सात आठवडे. सोमवार ते शुक्रवार रोज एक. मशीनवर माणूस असतो फार तर पंधरा-वीस मिनिटं. तोंड येणं, घास न उतरणं, मान सोलवटणं हे सगळं घरी, धर्मशाळेत, भावाच्या खोलीवर घडतं, आणि तिथे आपण नसतो.

आधी शिकवायचं कोणाला ते बघा

फाइल घेऊन येतो मुलगा आणि जेवू घालते बायको किंवा सून. आपण सगळं मुलाला सांगतो, तो मान हलवतो, आणि घरी गेल्यावर ‘पातळ द्यायला सांगितलंय’ एवढंच उरतं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वयंपाक करणारं माणूस एकदा तरी बोलावून घ्या. गावाकडून येणं जमत नसेल तर फोन स्पीकरवर टाका.

मग राहायचं कुठे ते विचारा. मुंबईत टाटा हॉस्पिटलला आलेले अनेक पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत उतरतात, काही नातेवाइकांच्या एका खोलीत. तिथे मिक्सर आहे का? दूध ठेवायला फ्रीज? थर्मामीटर? ही उत्तरं मिळेपर्यंत आहाराचा कागद हातात देऊ नका. मिक्सर नसलेल्या घरी ‘सगळं वाटून द्या’ या वाक्याचा काही उपयोग नाही.

एका बसणीला तीनच गोष्टी सांगा. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न विसरून जा, त्याचं उत्तर कायम ‘हो’च येतं. त्याऐवजी म्हणायचं, ‘काका, आता घरी गेल्यावर काकूंना हे कसं सांगाल, मला म्हणून दाखवा.’ जिथे ते अडखळतात तिथे आपलं सांगणं कमी पडलेलं असतं. काकांवर चिडण्यात अर्थ नाही.

शेजारपाजारची समजूतही पहिल्याच दिवशी काढून टाका. बाहेरून मशीनने दिलेल्या शेकात माणसाच्या अंगात किरणं राहत नाहीत. नातवाला मांडीवर घ्यायचं, एका ताटात जेवायचं, शेजारी झोपायचं, सगळं चालतं. वेगळी ताटली, वेगळं अंथरूण सुरू झालं की पेशंट जेवणावरून उठायला लागतो. थायरॉइडच्या कॅन्सरला किरणं सोडणाऱ्या आयोडीनचं औषध पोटातून देतात तेव्हा मात्र काही दिवस वेगळं राहायला सांगतात. गावात एकाला तसं सांगितलेलं असतं आणि लोक ते सगळ्यांना लावतात.

मशीनवर जाण्याआधी

दातांची तपासणी झाली आहे का, हे स्वतः फाइलमध्ये बघा. किडलेले, हलणारे दात शेकाआधी काढायचे असतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे हातात लागतात. शेक लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर तिथला दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडून सडू शकतं. याकडे शेवटी पुन्हा येते.

दुसरा प्रश्न : ‘दात कशाने घासता?’ ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलंत तर आमच्या बऱ्याच मावश्या ‘छे, काहीच नाही’ म्हणतील, कारण मिश्री त्यांच्या हिशेबी तंबाखूत मोडत नाही. शेक चालू असताना तंबाखू चालू राहिला तर तोंडाचे फोड जास्त चिघळतात आणि शेकाचा गुणही कमी येतो. सोडताना तलफ येणारच, चिडचिड होणारच. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे, तो नंबर त्यांच्याच फोनमध्ये घालून द्या.

प्लॅनिंगच्या, म्हणजे शेक नेमका कुठे द्यायचा ते आखण्याच्या दिवशी प्लास्टिकच्या जाळीचा मास्क गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, तो गार होऊन त्याच आकारात घट्ट होतो. घाबरणाऱ्याला आधी एकदा हातात घेऊ द्या. जाळीतून श्वास नीट घेता येतो. त्याच दिवशी तीन नोंदी करा : वजन, तोंड किती उघडतं (पेशंटची स्वतःची उभी बोटं किती आत जातात), आणि तिखट खाल्लं तर आत्ता झोंबतं का.

पैशाचं थोडक्यात : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेकाचा खर्च बसतो, कागद समाजसेवा विभागाकडे. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री टियर एसीला भाडं माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो.

कॅलेंडर काढून द्या

घरात असतं तसं साधं कॅलेंडर घ्या आणि आठवड्यांवर लिहून द्या. कागदावर दिसलं की माणूस कमी दचकतो.

पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही. धोका इथेच आहे, कारण ‘मला काही त्रास नाही’ म्हणून पेशंट मिसळ खाऊन येतो आणि गुळण्या सोडून देतो. दुसऱ्यात तोंड कोरडं पडायला लागतं, चव जाते. तिसऱ्यात तोंड येतं, गिळताना टोचतं. चौथ्या-पाचव्यात तोंडात पांढरट-पिवळे चट्टे, तारेसारखी चिकट लाळ, आवाज बसलेला, मान काळवंडलेली, दाढी झडलेली, अंगात त्राण नाही. सहावा-सातवा सगळ्यात वाईट. आणि शेवटच्या शेकानंतरचे दहा-पंधरा दिवस तसेच किंवा थोडे जास्तच वाईट जातात. हे शेवटचं वाक्य लाल शाईने लिहा. शेक संपला म्हणून पेढे वाटून घरी गेलेला माणूस चौथ्या दिवशी ‘आजार उलटला’ म्हणून रडत फोन करतो. त्याला आधीच माहीत हवं, की हा शेकाचा परिणाम आहे, कॅन्सर वाढलेला नाही आणि तीन-चार आठवड्यांत तो बराच ओसरतो.

याच कॅलेंडरवर सुट्टीचा विषय काढा. गणपती, पुतण्याचं लग्न, ऊसतोड, कोर्टाची तारीख, काहीही निघतं. शनिवार-रविवारची सुट्टी उपचारात धरलेली असते, बाकीची नाही. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार जितके दिवस लांबतात तितका आजार आटोक्यात येण्याचा संभव दर दिवसामागे एक टक्क्याच्या आसपास घटतो. त्रास असह्य झाला तरी घरी बसू नका, मशीनवर या आणि डॉक्टरांना सांगा. थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

गुळण्या : सगळ्यात स्वस्त औषध, सगळ्यात जास्त चुका

उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. रोज सकाळी ताजं करायचं, रात्री उरलेलं ओतून द्यायचं. जागं असेपर्यंत दर दोन-तीन तासांनी, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्याआधी. तोंडात घ्यायचं, गालात खळखळवायचं, घशात हलकेच घोळवून थुंकायचं, गिळायचं नाही. पाणी कोमट किंवा साधं; गरम अजिबात नको. मीठ झोंबायला लागलं की मीठ बंद करून नुसत्या सोड्याचं चालू ठेवायचं. झोंबतं म्हणून गुळण्याच सोडणारे खूप असतात, त्यांना ही पळवाट आधीच दाखवून ठेवा.

सोड्याचं पाकीट घेऊन यायला सांगा. हे मी आग्रहाने सांगते. ‘सोडा’ म्हटल्यावर माणसं काय काय आणतात : कपडे धुण्याचा सोडा, बेकिंग पावडर, इनो, एकदा तर सोडावॉटरची बाटली. धुण्याच्या सोड्याने आधीच सोललेलं तोंड भाजून निघेल. पाकीट बघा, चमचा बघा, आणि पहिली गुळणी आपल्यासमोर करायला लावा.

दात घासायला लहान बाळाचा किंवा अतिमऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट. मंजन, राख, काळी पावडर, जिभली बंद. कवळी रात्री काढून ठेवायची, तोंड आल्यावर दिवसाही. बाजारातले झणझणीत माउथवॉश नकोत, त्यात अल्कोहोल असतं. डॉक्टरांनी तोंडाचं दुखणं कमी करणारं बेन्झिडामीनचं गुळण्यांचं औषध लिहून दिलं असेल तर ते झोंबल्यास पाणी घालून पातळ करू का, हे त्यांनाच विचारायचं.

आता चट्ट्यांचं. शेकाने सोललेल्या जागी पांढरट पडदा येतो, आणि बुरशी लागली की दह्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. घरच्या माणसाला हे दोन्ही सारखेच दिसतात, नव्या सिस्टरलाही. त्यामुळे घरी कापसाने, बोटाने पुसून काढायला जाऊ नका, दाखवायला या. बुरशीचं औषध सुरू झालं की दोन-तीन दिवसांत फरक पडतो. उगाच आठ दिवस उपाशी काढलेले पेशंट येतात तेव्हा वाईट वाटतं.

जेवण : ‘पातळ’ या शब्दाने केलेलं नुकसान

आपण ‘पातळ खा’ म्हणतो. घरी त्याचा अर्थ होतो पेज, नारळपाणी, डाळीवरचं पाणी. पोट भरल्यासारखं होतं आणि वजन आठवड्याला दोन किलो उतरतं. मी ‘पातळ’ हा शब्द वापरणं सोडलं. ‘मऊ आणि ताकदीचं’ म्हणते.

पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. हा आकडा घरी कोणी लक्षात ठेवणार नाही, वाटीत सांगा. पेलाभर दूध म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास, एक अंडं तेवढंच. दुधात दोन मोठे चमचे दूधपावडर घातली की प्रथिनं जवळजवळ दुप्पट होतात आणि पेला तेवढाच राहतो. मुगाच्या खिमटात तूप. नाचणीचं सत्व पाण्याऐवजी दुधात. सातूचं पीठ दुधात कालवून. शेंगदाण्याचा कूट गंधासारखा वाटून कढणात. भाकरी आवडीची असेल तर दुधात भिजवून अगदी लापशी करायची, कडा काढून टाकायच्या. मांसाहार करणाऱ्याला खिमा शिजवून, वाटून, गाळून. मधुमेह असेल तर साखर-गुळाचं आहारतज्ज्ञांना विचारा, पण ‘मधुमेह आहे म्हणून कमी खा’ असं होऊ देऊ नका.

मिरची, चिंच, लिंबू, टोमॅटो, कोकम, पापड, फोडणीतली कडक मोहरी, वाफाळता चहा, हे सगळं काही आठवडे दूर. भूक लागण्याची वाट बघायची नाही, ती लागणारच नाही. घड्याळ लावून दर दोन तासांनी अर्धी-पाऊण वाटी. आणि उपासाचं मुद्दाम विचारा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. आजारपणात बायका उलट जास्त उपास धरतात. ‘देवाला तुमचा उपास नको’ वगैरे सांगायला मी जात नाही. ‘उपासाच्या दिवशी दूध, केळ्याची शिकरण, राजगिऱ्याची खीर किती वाट्या घ्याल?’ एवढंच ठरवून घेते.

चवीबद्दल स्वयंपाक करणारीशी बोला. पेशंटला सगळं मातीसारखं, भुशासारखं लागतं. तो ताट सरकवतो आणि ती समजते आपल्या हाताला चव राहिली नाही. चव परत येते, पण त्याला महिने लागतात. हे दोघांनाही एकत्र बसवून सांगितलं तर घरातली निम्मी भांडणं कमी होतात.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, त्याच कपड्यांत. उतरत असेल तर त्याच आठवड्यात आहारतज्ज्ञाकडे. गाल बसले की मास्क सैल होतो, आत मान हलते आणि किरणं ठरल्या जागी पडत नाहीत. मग पुन्हा सीटी, पुन्हा मास्क, पुन्हा प्लॅनिंग. ‘मास्क सैल वाटतो’ हे वाक्य पेशंटने स्वतः मशीनवरच्या टेक्निशियनला सांगायचं असतं. बरेच जण उलट खूश होतात, की आता घट्ट होत नाही.

जेवताना ताठ बसायचं, एका वेळी लहान घोट. खाताना ठसका लागतो, पाणी पिल्यावर आवाज घोगरा-ओला येतो, असं असेल तर घास श्वासनलिकेकडे जात असेल. त्याला गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे लगेच पाठवा.

नळी

नाकातून नळी घालायची म्हटलं की घरात सुतक आल्यासारखं होतं. शब्द जपून वापरा : ‘तोंडाला सुट्टी, पोटाला जेवण.’ नळी असतानाही दोन घोट पाणी तोंडाने गिळत राहायचं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. गिळणं पूर्ण बंद ठेवलं की त्या स्नायूंची सवय मोडते.

आपण करून दाखवा, मग त्यांना दोनदा करायला लावा, मगच घरी सोडा. नाकपुडीजवळ नळीवर पेनने खूण केलेली असते. प्रत्येक वेळी आधी ती खूण जागेवर आहे का बघायचं. पेशंट बसलेला किंवा पाठीला उशा लावून निम्म्याहून जास्त उठवलेला. हात धुऊन आधी ३० मिली उकळून गार केलेलं पाणी. मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती नरसाळ्यासारखी धरायची आणि २०० ते २५० मिली जेवण आपोआप उतरू द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं लावून. दट्ट्याने रेटायचं नाही. पुन्हा पाणी. मग किमान अर्धा तास, जमल्यास तास, आडवं व्हायचं नाही. ठसका लागला, दम लागला की तिथेच थांबायचं.

जेवण दोनदा गाळायचं. एकदा चहाच्या गाळणीतून, एकदा मलमलच्या फडक्यातून. नळी तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा नाचणीचा कोंडा नाहीतर गोळीचा चुरा असतो. गोळ्या एकेक, वेगळ्या, पाण्यात विरघळवून. पण कोणतीही गोळी कुटण्याआधी विचारायचं, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर पूर्ण डोस एकदम अंगात जातो. नळी निघून आली तर घरी परत घालायची नाही. शेजारच्या कंपाउंडरकडूनही नाही.

दुखणं

गोळी दुखल्यावर घ्यायची नाही, वेळेवर घ्यायची. लगेच काम करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली तर घास उतरतो, हे करून बघितल्याशिवाय लोकांना पटत नाही. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहिलं की नातेवाईक आपल्याला बाजूला घेऊन विचारतात, ‘म्हणजे आता संपलं का?’ नाही. मॉर्फिन दुखण्याच्या जोरावर देतात, आजार कितव्या टप्प्यावर आहे यावर नाही. तोंडातल्या जखमा भरून आल्या की ते कमी करत बंद होतं. एक गोष्ट हमखास होते, बद्धकोष्ठ. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायचं. गोळ्या कुलपात, पोराबाळांच्या हाताबाहेर.

घरातली ब्रुफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका. शेकाबरोबर सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन चालू असेल तर किडनीवर आधीच भार असतो. पाणी दोन-अडीच लिटर पोटात जायला हवं, तोंडाने नाहीतर नळीने. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर किती, ते डॉक्टर सांगतील.

मान आणि गालाची कातडी

साधं पाणी, सौम्य साबण, मऊ फडक्याने टिपून कोरडं. हळद, चंदन, खोबरेल, बाम, पावडर, गरम पिशवी, बर्फ यांतलं काही नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम केव्हा लावायचं ते विचारून लिहून द्या; मशीनवर जाताना कातडीवर जाड थर नको. दाढी ब्लेडने करायची नाही. कडक कॉलर, काळा दोरा, चेन काढून ठेवायची. मंगळसूत्राचं जरा जपून बोला. मनगटाला बांधून ठेवणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत, तेवढा मार्ग सुचवा आणि गप्प बसा. उन्हात जाताना मऊ जुन्या सुती साडीचा तुकडा सैल गुंडाळायचा. कातडी ओली होऊन पाणी सुटलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

जबडा

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच. शेकाने जबड्याचे स्नायू आखडतात आणि काही महिन्यांनी तोंड चमच्यापुरतंही उघडत नाही. पेशंटची तीन बोटं उभी आत जायला हवीत. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, अर्धा मिनिट धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा. आज सोळा बसल्या, परवा सतरा, हा आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. नातवंडांना हे मोजायचं काम दिलं तर ते आजोबांना सोडत नाहीत. शेक संपल्यावरही वर्षभर तरी चालू ठेवायचं.

गर्भाशयमुखाच्या शेकाचे पेशंटही तुमच्याकडे येतील. तिथे जुलाब, लघवीला जळजळ. दूध आणि कच्चं कमी, पातळ ताक, मऊ भात, जलसंजीवनी, आणि शेक संपल्यावर डायलेटर (योनिमार्ग आखडू नये म्हणून वापरायची गुळगुळीत नळी) वापरणं. शेवटची गोष्ट नवऱ्यासमोर, सासूसमोर सांगू नका, बाईंना एकटीला बोलावून सांगा. स्तनाच्या शेकात मुख्य जपायचं ते काखेतली आणि स्तनाखालची घडी.

रात्री अपरात्री केव्हा निघायचं

थर्मामीटर घरी हवाच. ताप ३८ सेल्सिअस किंवा १००.४ फॅरनहाइटला गेला की क्रोसिन देऊन सकाळ उजाडण्याची वाट बघायची नाही, विशेषतः केमो चालू असताना. श्वास घेताना आवाज येणं किंवा धाप, तोंडातून ताजं रक्त, दिवसभरात पाणीही न उतरणं, लघवी अगदी कमी आणि गडद होणं, न थांबणाऱ्या उलट्या, ठसक्यानंतर ताप : निघायचं. कुठे जायचं, कोणता दरवाजा, रात्री कोणाला फोन, हे फाइलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. ‘इमर्जन्सीला या’ एवढं पुरत नाही. रात्री दोनला गेटवरचा वॉचमन विचारतो, तेव्हा माणसाला नाव सांगता आलं पाहिजे.

शेवटच्या शेकाच्या दिवशी

त्या दिवशी सगळे घाईत असतात, गाडी बाहेर उभी असते. तरी पाच मिनिटं बसवा. गुळण्या, काड्या, वजन चालूच. दोन आठवड्यांनी फोन करा. तेव्हाच त्यांना आपली खरी गरज असते. मानेला शेक लागला असेल तर थायरॉइड मंदावू शकते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. कोरड्या तोंडात दात भराभर किडतात, म्हणून फ्लोराइडची पेस्ट आयुष्यभर आणि दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी.

तीन वर्षांनी एक दिवस दाढ दुखेल. गावातल्या दवाखान्यात जुनी फाइल कोणी मागणार नाही, आणि पेशंटही ‘ते जुनं झालं’ म्हणून सांगणार नाही. म्हणून आधार कार्डाच्या आकाराच्या जाड कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवायला द्या : ‘माझ्या जबड्याला रेडिएशन दिले आहे. दात काढण्याआधी माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला.’ खाली शेकाचं वर्ष आणि हॉस्पिटलचा नंबर. आणि पेशंटने ते पाकिटात ठेवलेलं बघूनच हात सोडा.